पॅरिसच्या गर्दीत आम्ही दोघे

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून पाहिलेली गावे म्हणाल तर पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर आणि मुलाच्या नोकरीमुळे पुणे. बागाईतदाराला सवड कुठली? त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये खरड छाटणी उरकल्यावर मुलाने पॅरिसची तिकिटे हातात ठेवली, तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, "तिथे आम्ही खाणार काय?" आणि हे म्हणाले, "बागेला पाणी कोण देणार?" धाकट्या भाऊजींनी बाग सांभाळायचे कबूल केले आणि आम्ही निघालो.

मनात आणखी एक गोष्ट होती, ती आधीच सांगून टाकते. नाशिक शहर वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकले आहे. एका बिल्डरने आमच्या तीन एकरांना भाव सांगितला होता आणि तो घ्यावा असे मुलाचे मत. "फिरून या, मग निरोप देऊ," एवढ्यावर बोलणे थांबले होते. ह्यांनी त्या विषयावर माझ्यापाशी अवाक्षर काढले नव्हते.

आता पॅरिसचे सांगते. तुम्ही आषाढीला पंढरपुरात गेला असाल, तर गर्दी म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. लूव्र नावाचे तिथले मोठे संग्रहालय आहे. एकट्या २०२४ साली ८७ लाख माणसे ते पाहून गेली. त्यातली निम्मीअधिक आमच्या पुढेच उभी असावीत असे वाटले! सगळ्यांची धाव मोनालिसाच्या चित्राकडे. चित्र उभे अडीच फूट, रुंद पावणेदोन फूट, जाड काचेमागे. मुखदर्शनाच्या रांगेसारखे पुढे सरकायचे, क्षणभर पाहायचे आणि बाजूला व्हायचे. लोक तर चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. मला त्यापेक्षा शेजारच्या दालनांतली रिकामी, निवांत चित्रे जास्त आवडली.

आयफेल मनोरा १८८९ चा. प्रदर्शनासाठी उभारला होता आणि वीस वर्षांनी उतरवायचा होता. पुढे रेडिओच्या कामाला आला म्हणून वाचला. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. हे चढून गेले. माझे गुडघे नाही म्हणाले, म्हणून मी खाली बाकावर बसून माणसे पाहिली. नोत्र दामचे चर्च एप्रिल २०१९ मध्ये आगीत सापडले होते, ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. छताच्या आणि कळसाच्या लाकूडकामासाठी देशभरातून सुमारे दोन हजार ओक वृक्ष आणले. हे बराच वेळ मान वर करून उभे होते.

खाण्याची मात्र आमची फजिती झाली. तुमच्यापैकी कुणी माळकरी असाल तर नीट ध्यानात ठेवा. पहिल्या दिवशी कांद्याचे सूप मागवले. कांदा, वर पावाची चकती आणि वितळलेले चीज. यात काय वावगे असणार? पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंना थोडे इंग्रजी येत होते, त्यांनी वेळेवर सांगितले की हे सूप बैलाच्या हाडामांसाच्या पाण्यात शिजवतात. वाटी तशीच परत गेली. त्या दिवशी पाव, लोणी आणि कोशिंबीर. पाव मात्र असा, की नुसता खावा. हातभर लांब, वरून कडक, आत मऊ. तिथल्या १९९३ च्या नियमाप्रमाणे 'पारंपरिक' म्हणून विकायच्या पावाला दुसरी काही भेसळ चालत नाही, मुख्य घटक पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढेच. जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर तिचे पैसे घेत नाहीत. आम्हांला हे तिसऱ्या दिवशी कळले. तोवर बाटल्यांपायी पैसे गेले ते गेले.

दुसऱ्या दिवशी मोंपार्नास स्टेशनाकडे गेलो. ब्रिटनी प्रांताच्या गाड्या तिथे येतात, म्हणून त्या भागात ब्रिटनीच्या घावनांची दुकाने दाटीने आहेत. उत्तर हिंदुस्थानात उपासाला कुट्टूचे पीठ खातात ना, त्याच पिठाचे मोठे काळपट घावन. आत चीज, पालक, हवे तर अंडे. मी दोन खाल्ली. ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकाने आहेत, तिथे कढीपत्त्याचा वास आला आणि डोसाही मिळाला. आणि एक सांगते, दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणजे नमस्कार म्हणायचा. न म्हणता काही मागितले तर ती माणसे तोंड फिरवतात. आपल्याकडेही दारात आलेला माणूस रामराम न घालता थेट दर विचारू लागला तर आवडते का?

एका भाजीबाजारात हे एकदम थबकले. फळांवर देशाचे नाव लिहिणे तिथे बंधनकारक आहे. हिरव्या द्राक्षांच्या पेटीवर 'ऐंद' लिहिले होते, म्हणजे हिंदुस्थान! दर किलोला सहा युरो, आपले पाचशे-सहाशे रुपये. आपल्या हाती त्यातले किती पडतात ते मी लिहीत नाही. तुम्हांला ठाऊक आहे. ह्यांनी घड उचलायला हात घातला आणि दुकानदार ओरडला. फळाला गिऱ्हाईकाने हात लावायचा नसतो.

त्याच संध्याकाळी आमची चुकामूक झाली. तिथल्या भुयारी रेल्वेची पहिली लाईन १९०० सालची. आता तिच्यावर चालकाविनाच गाड्या धावतात. घंटी वाजली की दारे मिटतात, कुणासाठी थांबत नाहीत. शातले स्टेशनावर गाडी बदलायची होती. हे उतरले, मध्ये पाचसहा माणसे घुसली आणि दार माझ्या तोंडावर मिटले. फोन ह्यांच्या खिशात, पत्त्याची चिठ्ठी ह्यांच्या खिशात, माझ्या पिशवीत दोन संत्री.

मुलाने बजावले होते, की चुकलात तर गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून थांबायचे आणि मागे राहिलेल्याने मागून यायचे. मी उतरले. स्टेशनाचे नाव 'ओतेल द व्हिल'. खानावळ समजू नका, नगरपालिकेची कचेरी आहे. एक गाडी आली, दुसरी आली, दहा झाल्या. हे नाहीत. घसा कोरडा पडला, पण चाळीस वर्षांत माणूस कळतो. मनात म्हटले, हे सांगितलेले विसरले असणार आणि जिथल्या तिथेच उभे असणार. लेकरू कडेवर घेतलेल्या एका आफ्रिकन बाईला मी बोटाने उलटी दिशा दाखवली. तिने मला जिन्याने पलीकडच्या फलाटावर नेऊन गाडीत बसवले.

शातलेला उतरले तर रुळांपलीकडच्या फलाटावर हे. टोपी हातात. गारपिटीच्या साली बांधावर उभे होते, अगदी तसा चेहरा. मी सगळ्या पॅरिसदेखत ओरडले, "अहो!" मी पलीकडे पोचेपर्यंत ह्यांनी डोळे पुसून घेतले होते. म्हणाले, "तू गेलीस तर मला घरचा पत्तासुद्धा सांगता येणार नाही, असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी मोंमार्त्रची टेकडी चढलो, माझ्या गुडघ्यांच्या बेताने. तिथे भर वस्तीत एक द्राक्षबाग आहे. सुमारे पंधरा गुंठे. पूर्वी त्या टेकडीवर जोगिणींच्या मठाचे मळे होते. शहर वाढले आणि ते गेले. पुढे या मोकळ्या तुकड्यावर इमारती उठू लागणार म्हणताच तिथल्या रहिवाशांनी आणि चित्रकारांनी विरोध केला, आणि १९३३ मध्ये तिथे वेली लावल्या. दर ऑक्टोबरात हंगामाचा उत्सव होतो, आणि दारूच्या बाटल्या विकून आलेला पैसा लोकोपयोगी कामांना जातो. उतार उत्तरेकडे, ऊन कमी. हे कुंपणातून पाहून म्हणाले, "इथं कोण शहाणा बाग लावेल?" वेलींचे डोळे नुकतेच फुटत होते. हे बराच वेळ जाळीला हात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच विचारले, "त्या जमिनीचं तुला काय वाटतं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटले, "आधी सातबाऱ्यावर माझं नाव लागू द्या, मग विचारा."

हे हसले. मग पिशवीतली ती दोन संत्री तिथेच कट्ट्यावर बसून खाल्ली.

परत आल्यावर ह्यांनी तलाठ्याकडे अर्ज दिला. फेरफार मंजूर व्हायचा आहे. बिल्डरचा फोन आठवड्यातून एकदा येतो. मुलगा अजून विकण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचेही सगळेच चूक आहे असे मी म्हणणार नाही. गेल्या खेपेला त्या फोनवर मी बोलले.