फुगवट्याच्या काठावरची सुटी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, म्हणजे कोकणाकडे तुटलेले कडे आणि देशाकडे हळूहळू उतरत गेलेल्या डोंगररांगा यांच्या सांध्यावर, मुंबई-पुण्याची कुटुंबे ज्या तलावांकाठी सुटी घालवायला जातात, त्यांपैकी जवळजवळ एकही तलाव निसर्गाने घडवलेला नाही. हिमालयात हिमनद्यांनी खडक कोरून केलेल्या खळग्यांत पाणी साचून सरोवरे झाली. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसून तयार झालेल्या आणि पुढे पावसाने चिरत नेलेल्या या प्रदेशात हिमनद्या नव्हत्या, त्यामुळे चार महिने कोसळणारे पाणी दरीदरीतून निघून जात असे. ते अडवले माणसांनी, आणि तेही बहुतेक ठिकाणी सहलीचा विचार मनात नसताना. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांच्या काळात, १८४२ साली झाला. भंडारदऱ्याचा जलाशय १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या, प्रवरेवरील विल्सन धरणाचा. पवना, पानशेत, कोयना हे सारे नंतरचे. ज्या दृश्याला पाहणारा ‘सनातन’ समजतो, ते पुष्कळदा त्याच्या आजोबांहून लहान असते.

तरीही या पाण्याकाठी जमणाऱ्या माणसांच्या दृष्टीने त्याचे वय गौण ठरते, आणि याचे कारण डोंगर व पाणी यांच्या स्वभावातील फरकात शोधता येते. डोंगर माणसांना वेगळे करतो. लोहगड किंवा कळसूबाई चढायला निघालेल्या कुटुंबात अर्ध्या तासात तीन गट पडतात: पुढे पळालेली मुले, मधे दम खात चढणारे आईवडील आणि पायथ्याच्या टपरीवर चहा घेऊन बसलेली आजी, जिला संध्याकाळी वरची हकीकत ऐकवली जाते. पाण्याच्या काठावर असे काही होत नाही. तेथे गुडघे दुखणारी आजी आणि पाण्यात दगड फेकणारा नातू एकाच सतरंजीच्या परिघात राहतात. शिवाय घरी समोरासमोर बसलेल्या माणसांना काहीतरी बोलावे लागते, तर पाण्याकडे तोंड करून ओळीने बसलेल्यांना ती सक्ती उरत नाही. पुष्कळदा वर्षभर टाळलेला विषय, मुलाच्या नोकरीचा असो वा वडिलांच्या आजारपणाचा, नजर समोरच्या तुंग-तिकोन्यावर ठेवूनच निघतो. नातेवाइकांना एकत्र आणणारी म्हणून लग्नकार्यांची जेवढी वाखाणणी होते, तेवढी अशा निरुद्योगी बैठकांची होत नाही, हे थोडे अन्यायाचेच आहे. पवनेच्या काठी आता तंबूंच्या रांगांशेजारी जे ध्वनिक्षेपक लावले जातात, ते नेमकी हीच बैठक मोडतात. त्यांच्यामुळे पक्षी उडतात ही तक्रार खरी असली, तरी माणसेही बोलायची थांबतात, हा दुसरा तोटा कोणी मोजत नाही.

धरणामागे नदीच्या पात्रातून आणि तिच्या उपनद्यांच्या मुखांतून जे पाणी दूरवर मागे सरकत जाते, त्याला ‘फुगवटा’ म्हणतात, आणि पर्यटक ज्याला सरसकट ‘बॅकवॉटर’ म्हणतात ते हेच. कोयनेचा फुगवटा, अर्थात शिवसागर, सुमारे १०५ टीएमसी पाणी धरतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. या जलाशयाच्या वरच्या अंगाला, कोयना आणि सोळशी यांच्या संगमाजवळ वसलेल्या तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, आणि ती फारशी शहाणपणाची नाही. श्रीनगरच्या दल सरोवराशी त्याची तुलना करताना हे विसरले जाते की येथे पाण्याखाली भातखाचरे, घरे आणि देवळे होती, आणि ज्या लाँचमधून पर्यटक तासाभराची फेरी मारतात, तशाच लाँचवर पलीकडच्या काठावरच्या गावांचे बाजारहाट, दवाखाना आणि शाळा अवलंबून राहत आले आहेत. जावळी खोऱ्यातील कित्येक घरांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला आहेत; मे महिन्यात त्यांची बायकामुले गाठोडी घेऊन त्या लाँचमध्ये बसतात, तेव्हा त्यांच्या शेजारी कॅमेरा सरसावून बसलेल्या कुटुंबाच्या आणि त्यांच्या प्रवासाची दिशा एकच असते. फरक एवढाच, की एका कुटुंबाच्या लेखी ही सहल असते आणि दुसऱ्याच्या लेखी गावी जाणे.

मुळशीची गोष्ट याहून कडवट आहे. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळा खोरे बुडणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, आणि तरीही धरण झालेच. त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याला जाते व त्यावर १९२७ पासून वीज तयार होते. मुंबईतल्या ज्या घरातले दिवे काही अंशी या पाण्यावर लागले, त्याच घरातली माणसे शनिवारी त्या पाण्याकडे बघायला येतात.

मात्र या जलाशयांकडे येणारी आणखी एक वाट आहे, आणि ती पर्यटकांच्या वाटेच्या उलट ऋतूत चालू होते. श्रावण ते कार्तिक पाणी काठोकाठ असते, डोंगर हिरवे असतात, आणि सहलीला जाणाऱ्यांना हेच हवे असते. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले, भेगाळलेला तपकिरी काठ उघडा पडला, की त्यांना जागा ‘भकास’ वाटते. नेमके त्याच वेळी भाटघरच्या जलाशयातून कांबरेश्वराचे आणि पवनेतून वाघेश्वराचे प्राचीन देऊळ पाण्याबाहेर येते. गाळाने माखलेले पाषाण धुतले जातात, आणि पंचक्रोशीतले लोक वर्षातून काही आठवडे मिळणाऱ्या त्या दर्शनाला लेकराबाळांसह येतात. मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीला ‘गाळपेर’ म्हणतात. ती एका हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आहे, आणि तीत धरणग्रस्तांना, म्हणजे ज्यांची शेते बुडाली त्यांना, प्राधान्य असते. अशा जागी उभा राहून एखादा म्हातारा उघड्या पडलेल्या बांधावरून अंदाज घेत आपल्या वाड्याची जागा नातवाला दाखवतो, तेव्हा तीही आप्तांसह तलावाकाठी केलेली सहलच असते. फक्त तिला पाणी कमी असावे लागते. पहिल्या प्रकारच्या लोकांना जलाशय भरलेला हवा, दुसऱ्यांना रिकामा, आणि दोघांच्याही सोयीची तारीख शेवटी जलसंपदा खात्याच्या विसर्गाच्या वेळापत्रकावर ठरते, जे दोघांपैकी कोणाचाही विचार करून आखलेले नसते.