गाढवराव आणि हत्तीराव यांस

रा. रा. गाढवराव व हत्तीराव, मुक्काम पोस्ट वॉशिंग्टन, यांसी न्यू जर्सीहून सा. न. वि. वि.

उभयतांना मिळून एकच पत्र धाडतोय, राग नसावा. वेगवेगळी लिहिली असती तर तुम्ही ती एकमेकांविरुद्धच्या जाहिरातींत वापरली असती. नावांबद्दलही रुसू नये. डेमोक्रॅट म्हणजे गाढव आणि रिपब्लिकन म्हणजे हत्ती हे मी ठरवलेलं नाही. टॉमस नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने 1870च्या दशकात ही चित्रं तुम्हाला चिकटवली आणि तुम्ही ती कौतुकाने मिरवलीत.

पत्रास कारण की, आमच्या चिरंजीवांना अठरा वर्षं पूर्ण झाली. मतदार नोंदणीचा अर्ज भरताना 'पक्ष' या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. "बाबा, हे सरकारला कशाला सांगायचं?" वीस वर्षांपूर्वी मीही तिथेच अडलो होतो. भारतात पक्षाचा सभासद म्हणजे पावती फाडलेला माणूस. तुमच्याकडे पावती नाही, वर्गणी नाही, आणि सभासदांची यादी मात्र सरकारदरबारी! राज्यघटनेत शोधावं तर तुमचा उल्लेखही नाही. ती लिहिणाऱ्यांपैकी मॅडिसनसाहेबांनी 1787 साली गटबाजीच्या धोक्यावर लेख लिहिला आणि चार-पाच वर्षांत जेफरसनसोबत स्वतःच पक्ष काढला. वॉशिंग्टन 1796 मध्ये अध्यक्षपदाचा निरोप घेताना पुन्हा बजावून गेले. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं कोण ऐकतं?

तुमचा मला हेवा वाटला तो तिकिटावरून. आमचे मामा एकदा नगरपालिकेला उभे राहणार होते. शेवटच्या दिवशी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मची वाट बघत कचेरीसमोरच्या टपरीवर दुपारी तीनपर्यंत बसले. फॉर्म आला, दुसऱ्याच्या नावाचा. हारांची ऑर्डर रद्द करायला मलाच पिटाळलं होतं. तुमच्याकडेही पूर्वी पुढारीच ठरवत. 1968 साली गाढवरावांचे ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी, म्हणजे मतदारांनी पक्षाचा उमेदवार निवडायची निवडणूक, न लढवता शिकागोच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि बाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले, राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीटही मतदारांच्या हाती गेलं. तिकीट असं मतदारांच्या हाती असतं म्हणून तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे पैसे ओतून तुमच्या प्रायमरीत उतरू शकले, गाढवराव. तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटमधून प्रायमरी जिंकून प्रतिनिधिगृहात पोहोचले. पुढाऱ्यांच्या बंगल्यावर खेटे न घालता!

मग एक विचारू? एवढं औदार्य होतं, तर आमच्या राज्यातल्या मतपत्रिकेवरची ती 'लाइन' कशासाठी होती? 21 पैकी 19 काउंट्यांत, स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीतले सगळे उमेदवार, वरच्या पदापासून खालच्यापर्यंत, एका रांगेत ऐटीत बसलेले. बाकीचे लांब कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला लोक सैबेरिया म्हणत. वरपक्षाची पंगत दिवाणखान्यात आणि उरलेल्यांची पानं जिन्याखाली, तसलाच प्रकार. मतदाराला आपला माणूस शोधायला चष्मा पुसावा लागे. एबी फॉर्म दारातून घालवलात आणि खिडकीतून आत घेतलात, म्हणा ना. 2024 मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले. त्यांच्यासमोर खुद्द गव्हर्नरांच्या पत्नी उभ्या होत्या आणि मोठमोठ्या काउंट्यांची लाइन त्यांच्याकडे होती. मार्चमध्ये बाईंनी माघार घेतली आणि आठवडाभरात न्यायाधीशांनी जूनच्या प्रायमरीपुरती लाइन पुसायला लावली. हत्तीराव, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. तो हुकूम गाढवरावांपुरता होता; तुमच्या मतपत्रिकेवर त्या जूनमध्येही लाइन तशीच होती.

दुसरी तक्रार जुनी आहे. 1992 मध्ये रॉस पेरो तुम्हा दोघांना टाळून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. जवळपास 1 कोटी 97 लाख लोकांनी त्यांना मत दिलं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या 538 इलेक्टरांपैकी मिळाला एकही नाही. कुठल्याच राज्यात पहिले आले नाहीत ना! तेव्हापासून शहाणी माणसं तिसरं घर बांधायच्या फंदात पडत नाहीत, तुमच्यापैकी एकाच्या ओसरीवर पथारी टाकतात. वर्षानुवर्षं अपक्ष म्हणवणारे बर्नी सँडर्ससुद्धा 2016च्या निवडणुकीसाठी गाढवरावांच्याच दारात आले. दारं सताड उघडी आणि अख्ख्या गावात घरं दोनच, हा तुमचा कारभार मला अजून उमगलेला नाही.

असो. चिरंजीवांनी रकाना कोरा सोडलाय. आमच्या राज्यात अशा मतदाराने प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर तुमच्यापैकी एकाचं नाव सांगायचं, मत द्यायचं आणि त्या यादीत जाऊन बसायचं. तो जाणार आहे. कुणाकडे, ते मला सांगत नाही. विनंती एवढीच, की तो ज्याच्या यादीत जाईल त्याने पहिल्याच आठवड्यात पोराकडे निधी मागू नये. त्याचा फोन अजून माझ्याच बिलावर आहे.

कळावे. लोभ आहे तेवढाच असावा.

आपला,
एक नोंदणीकृत मतदार