खोडलेलं नाव

2017 साली ‘मिशन शौर्य’साठी मुलं निवडायची होती, तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावर एका आश्रमशाळेत शिकवत होतो. आश्रमशाळांतली आदिवासी मुलं थेट एव्हरेस्टवर जाणार होती. यादी मीच केली आणि त्यातलं एक नाव मीच खोडलं. मुलगा कोलाम जमातीचा, अंगानं काटकुळा. कारण तेवढंच.

त्याआधी सुट्टीत एकदा त्याच्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर, गेलो होतो. खालच्या झऱ्यावरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तो अनवाणी चढून आला आणि लगेच माझ्याशी बोलायला लागला. धाप नाही, काही नाही. मी मात्र रिकाम्या हातानं चढून दगडावर बसलो होतो. हे डोळ्यांनी पाहूनही निवडताना मी दंड पाहिले.

यादी ऐकून त्यानं विचारलं, “माह्यं नाव नाही का जी?”

“तिथं बर्फ असतो. तुला झेपायचं नाही.”

बर्फ मीसुद्धा कधी पाहिला नव्हता.

मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, कविदास काठमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे आणि विकास सोयाम एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. आमच्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पोरं! आनंदानं माझे डोळे भरून आले. तो मुलगा तेव्हा आईबरोबर जंगलात तेंदूपत्ता तोडत होता.

2019 ला दुसरी तुकडी गेली. तेव्हाही मी त्याचं नाव सुचवलं नाही. सुचवलं असतं, तर आधीचं खोडलेलं कबूल करावं लागलं असतं. ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त सलते.

पुढे ऑस्ट्रियाच्या स्कीपटू हेरमान मायरबद्दल वाचलं. पंधराव्या वर्षी किरकोळ अंगकाठी आणि दुखरे गुडघे पाहून स्कीइंगच्या शाळेनं त्याला घरी पाठवलं. तो गवंडीकाम करत राहिला. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये भयंकर आपटला आणि त्यानंतर तिथेच दोन सुवर्णपदकं घेतली. 2001 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात पाय जायची वेळ आली, तरी 2003 मध्ये परतून तो पुन्हा जिंकला. वाचताना मला गुंड घेऊन चढणारा तो पोरगा दिसत होता.

गेल्या उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, तो भेटला. मी सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं. हातातल्या पुड्याची 70 पानं मोजून झाली, दोरी आवळली.

“मले तवाच मालूम होतं जी,” तो म्हणाला आणि पुढचा पुडा मोजायला घेतला.