कागदावरचे विमान

मुरगावातील दाबोळीच्या धावपट्टीवरून नौदलाचे मिग-२९के विमान उडाले, की आमचे गुरुजी वाक्य अर्ध्यावर थांबवितात. २०१० साली नौदलात दाखल झालेल्या या दोन इंजिनांच्या रशियन विमानांविषयी आम्हांस आपुलकी वाटते. ती घडविणाऱ्या मिग संस्थेने रडारला सहजी न सापडणारे, हलके, दोन इंजिनांचे लढाऊ विमानही योजिले; परंतु वर्षानुवर्षे ते आराखड्यातच राहिले, आकाशात उडाले नाही. इकडे आपल्या नौदलासाठी २०२५ मध्ये २६ फ्रेंच राफेल विमानांचा करार झाला. मागणी व पैसा यांवाचून उत्तम आराखडाही जमिनीवरच राहतो.

आमच्यापैकी काहींना विमाने रचावयाची आहेत. त्यांच्या आराखड्यांचेही असेच झाले तर? मिगचा आवाज ओसरतो आणि गुरुजी अर्धे वाक्य पुरे करतात. आम्हांलाही तसेच जमावे.