गुणतालिका कोण लिहितो?

फुटबॉलच्या चाहत्याला पराभवाचे वावडे नसते. आपला संघ हरला की दोन दिवस अन्न गोड लागत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या सामन्याचे वेध लागतात. हार पचवणे हा या खेळाशी आपण केलेल्या कराराचाच एक भाग आहे. पण त्या कराराला दुसरी बाजूही आहे. सामना ठरल्या दिवशी होईल, निकाल मैदानावर लागेल आणि जो जिंकेल त्याला वरची वाट मोकळी राहील, एवढी हमी चाहत्याला हवी असते. भारताची राष्ट्रीय साखळी स्पर्धा मी गेली जवळजवळ तीस वर्षे आस्थेने पाहत आलो आहे. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या बाजूविषयी.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा मी सेमिनरीत शिकत होतो. सायंकाळी तासभर आम्ही मैदानावर घाम गाळायचो आणि सकाळी वाचनालयातल्या वर्तमानपत्रात, क्रिकेटच्या लांबलचक मजकुराखाली दोन बोटे जागेत छापलेले लीगचे निकाल शोधायचो. त्याआधी देशात मोठे चषक होतेच. मुंबईचा रोव्हर्स चषक तर १८९१ सालापासूनचा. परंतु चषकाच्या स्पर्धा चार दिवसांच्या जत्रेसारख्या. संघ यायचे, खेळायचे, पांगायचे. लीगमुळे महिनोन् महिने चालणारा, घरच्या आणि परक्या मैदानांवर कस लावणारा हंगाम प्रथमच मिळाला. पहिले विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने पटकावले.

पुढे २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने ही लीग जिंकली. कूपरेजच्या बाकांवर बसून त्यांना खेळताना पाहण्याचे सुख मी अनेकदा अनुभवले. त्यानंतर गोव्याचे युग आले. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनीच ते आपसांत वाटून घेतले. एवढ्याशा प्रदेशाचा हा पराक्रम पाहून आपल्या गावोगावच्या मैदानांवरील मुलांनाही बळ यायचे.

पण याच काळात पायाखालची वाळू सरकत होती. २०१० मध्ये महिंद्र युनायटेडचा संघ बंद झाला, २०११ मध्ये जेसीटीचा. २०१० मध्येच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांना एका कंपनीकडे सोपविले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली. न्यायाने बोलायचे तर तिने खेळाला पुष्कळ दिले. प्रेक्षागारे भरली, दूरदर्शन संचावर खेळ देखणा दिसू लागला, खेळाडूंच्या हाती बरा पैसा आला. मात्र या नव्या घराला खालून वर येणारा जिना ठेवला नव्हता. बढती नाही, घसरणही नाही. आत यायचे तर गुण मिळवून नव्हे, पैसे मोजून.

याचे फळ २०१६ साली दिसले. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी राष्ट्रीय पातळीवरून माघार घेतली. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेल्या धेंपोने तर दुसरी श्रेणी जिंकून परत मिळवलेली जागाही सोडून दिली. गंमत अशी, की गोव्याच्या संघांच्या माघारीमुळे रिकाम्या झालेल्या जागी, आदल्या वर्षी खाली ढकलला गेलेला मिझोरामचा ऐझॉल संघ परत घेण्यात आला आणि २०१६-१७ च्या हंगामात त्यानेच आय-लीग जिंकली! फुटबॉलचे सारे सौंदर्य या एका कथेत आहे. परंतु विजेत्या ऐझॉललाही वर जायला वाट नव्हती. ती वाट उघडायला २०२३ साल उजाडावे लागले.

वाट उघडली तरी उंबरठ्यावरचा गोंधळ सरला नाही. २०२४-२५ च्या आय-लीगचे शेवटचे सामने एप्रिलमध्ये संपले. गुणतालिकेत चर्चिल ब्रदर्स पहिले होते. त्यांना विजेते घोषित करण्यात आले, चषकही देण्यात आला. पण वाद आधीपासूनच चालू होता. समित्यांचे निर्णय फिरत राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशी हाच विजेता असल्याचा निवाडा दिला. लवादाला मी दोष देत नाही. न्याय मागण्याचा हक्क सर्वांना आहे. परंतु सामना संपल्यावर तीन महिने विजेता कोण हे ठरत नसेल, तर पावसात भिजत टाळ्या वाजविणाऱ्या माणसाने नेमके काय पाहिले?

त्याच जुलैमध्ये दुसरा आघात झाला. कंपनीबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपणार आणि पुढचे ठरलेले नाही, म्हणून सुपर लीगचा हंगामच थांबविण्यात आला. करार पंधरा वर्षांचा. तो केव्हा संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होण्याची घोषणा केली, तीही निम्म्या आकाराची. प्रत्येक संघाने दुसऱ्याशी एकदाच खेळायचे. आदल्या वर्षी हाच हंगाम सप्टेंबरात सुरू झाला होता. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत, असे मला वाटत नाही.

आमच्या धर्मग्रामात पावसाळा सरला की गावागावांच्या संघांची स्पर्धा होते. वेळापत्रक मुलेच करतात आणि ते चर्चच्या फलकावर लावतात. तक्रार असेल तर पुढच्या रविवारपूर्वी निकालात काढायची, असा त्यांचा दंडक आहे. त्या मुलांतला एक चपळ गोलरक्षक अकरावीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने मला विचारले, “फादर, यंदा लीग झालीच नाही, तर निवड चाचणीला जाऊन काय उपयोग?” त्याचे वडील रिक्षा चालवतात. चाचणीसाठी प्रवासाचा खर्च आणि बुडणारे वर्ग यांचा हिशेब त्या घरात मांडला जात होता. मी त्याला जायला सांगितले. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते ज्यांच्यापाशी असायला हवे, ते त्या वेळी न्यायालयाच्या तारखा मोजत होते.

वाचकहो, चाहत्याची मागणी फार मोठी नाही. हंगामाचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि पाळले जावे. तक्रारींचा निवाडा चषक देण्यापूर्वी व्हावा. जिंकणाऱ्याने वर जावे आणि हरणाऱ्याने खाली यावे, मग तो कितीही धनवान असो. अकरावीतल्या मुलांना जे एका फलकावर जमते, ते महासंघाला अशक्य नसावे. आमचा गोलरक्षक चाचणी देऊन आला आहे. पुढच्या हंगामाची तारीख त्याला वर्तमानपत्रात वेळेवर वाचायला मिळावी, एवढेच मागणे आहे.