पालखीच्या वाटेवरचा दवाखाना

इंदापूरहून बारामतीला निघालं की निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर ही गावं लागतात. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. तेव्हा वारकऱ्याला घरोघरी भाकरी मिळते, पाठ टेकायला ओसरी मिळते. पण या वाटेवर आणखी एक वारी बारा महिने चालू असते. तिला टाळमृदंग नसतात. काखेत वळकटी, हातात जेवणाचा डबा आणि पिशवीत एक्स-रेचा लिफाफा! ही दवाखान्याची वारी.

पूर्वी मोठं दुखणं म्हणजे पुण्याचं ससून. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे दगडी रुग्णालय १८६७ सालचं. आता बारामतीतच २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केवढी सोय झाली!

गंमत पाहा, ‘हॉस्पिटल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाहुणा! मध्ययुगात युरोपातल्या यात्रेच्या वाटांवर मठांशेजारी अशी घरं असत. दमलेला, आजारी, निराधार, कोणीही यावं आणि टेकावं. म्हणजे आपली धर्मशाळाच की!

पुढे क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं. लांबट वॉर्ड, दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या, एका नजरेत सगळ्या खाटा. कोंदट हवेनेच रोग होतात, असं तेव्हा मानत. ते पुढे चुकीचं ठरलं, पण खिडकीचं महत्त्व काही कमी झालं नाही. क्षयासारख्या रोगाचे हवेतले जंतू मोकळ्या वाऱ्याने विरळ होतात.

या आखणीत खाटेला जागा मिळाली, नर्सला मिळाली. सोबतीच्या बाईला मात्र नाही! आपल्याकडे रोग्याला भरवणं, पुसणं, रात्री उठवणं हे सगळं तीच करते. सासूबाईंना एका दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी नऊ रात्री जिन्याखाली चटई टाकून काढल्या. शेजारी एक ओली बाळंतीण होती, तान्हं आत काचेच्या पेटीत. तिला ना पाठीला भिंत, ना चूल, ना अंघोळीची जागा. खाट रोग्याची, म्हणून तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

बारामतीच्या महाविद्यालयाला आज अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. त्यांनी तीर्थोतीर्थी धर्मशाळा आणि घाट बांधले, वाटसरूची सोय आधी पाहिली. तेव्हा तुमच्या गावात नव्या दवाखान्याचं भूमिपूजन निघालं, तर महिला मंडळातर्फे दोनच प्रश्न विचारा. खिडक्या समोरासमोर आहेत का? आणि सोबतीच्या बाईने रात्री कुठे निजायचं?

नकाशा कागदावर आहे तोवरच विचारा हं! भिंती उभ्या राहिल्या की मग जिनाच उरतो.