गोळी खाणारा जिताडा

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे जिताडा. ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्ला त्यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे :) गोव्यात हाच चोणक, कोलकात्यात भेटकी, आणि ऑनसाइटच्या नावाखाली ऑस्ट्रेलियात जाऊन आलेल्यांनी ताटात बघितलेला बारामुंडी.

आमच्या खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागच्या मधल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घराच्या जोत्यासाठी माती काढली की शेजारी आपसूक तळं व्हायचं. तळं झालं की त्यात जिताडा आलाच. पावसाळ्यात खाडीतून, भाताच्या खाचरांतून पिल्लं धरायची आणि तळ्यात सोडून द्यायची. त्यांना मुद्दाम खायला कुणी घालत नसे. तळ्यातली चिलापी आणि कोळंबी खाऊन ती वाढत. मग घरात कार्य निघालं की मासा काढायचा, नाहीतर कचेरीत काम अडलं असेल तर साहेबाच्या घरी पोचवायचा.

हे सगळं दहा-वीस माशांपुरतं ठीक. पण आमच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि फंडाचे पैसे काढून दोन हजार जिताडे वाढवायचं ठरवलं. माझ्या बोनसचा एक तुकडाही त्यात आहे, तेव्हा मी काही तटस्थ निरीक्षक नाही. आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक रोज दारात उभं असतं. हे तळं चाललं नाही तर काका जमीन काढून टाकणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

आता जरा हिशोब. बारकी मासळी घालून जिताडा वाढवायचा तर एक किलो माशाला ढोबळमानाने सहा किलो मासळी लागते. कोरडं खाद्य, म्हणजे गोळ्या, दिल्या तर दीड किलोच्या आसपास भागतं. ऐकायला लै भारी वाटतं ना? पण आमच्यातला इंजिनिअर लगेच खूश होत नाही. ओल्या मासळीत पाऊण भाग पाणीच असतं. पाणी वजा केलं की सहाचे दीडच उरतात! शिवाय गोळीतही ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि त्यातला मोठा वाटा माशाच्याच भुकटीतून येतो. म्हणजे गोळी ही काही जादू नाही. तिचा फायदा वेगळाच आहे. ती पोत्यात राहते, कुजत नाही, उरलेली मासळी सडून जसं पाणी नासतं तसं होत नाही, आणि पावसाळ्यात बोटी बंद असताना बारकी मासळी आणायची कुठून हा प्रश्नच उरत नाही. दोन हजार तोंडांसाठी हे शेवटचं कारण एकटंच पुरेसं होतं.

अडचण एकच. जिताड्याला गोळी हे अन्न वाटतच नाही.

हा शिकारी मासा. जे हलतं ते त्याचं खाणं. अंड्यातून निघालेलं पिल्लू दीडेक मिलिमीटरचं असतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडतं, आणि तेव्हापासून त्याला जिवंतच लागतं. आधी रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, मग आर्टेमिया ही खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबीसारखी जात. या वयात पिल्लाच्या पोटात आम्लच तयार होत नसतं. खरं जठर साधारण दोन-तीन आठवड्यांनी तयार होतं. म्हणजे त्याआधी त्याने गोळीची भुकटी गिळली तरी ती नीट पचायची नाही. आणि फार उशीर केला तर जिवंत खाण्याची सवय इतकी पक्की होते की नवीन काही शिकायला ते तयार नसतं. या दोन्हींच्या मधे जो काळ मिळतो त्यात आर्टेमिया हळूहळू कमी करत जायचं आणि भुकटी वाढवत जायची. हॅचरीत हेच करतात. आपल्याकडे चेन्नईच्या सीबा या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, त्यामुळे हल्ली असं बीज विकत तरी मिळतं.

आमचं बीजही तिकडूनच विमानाने आलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, इंचभराची पिल्लं. तळ्यात जाळीचे हापे बांधून त्यांत सोडली. काकाने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, जिताडा काय कोंबडी आहे काय, दाणे टाकले की धावत यायला?" आणि दुसऱ्या दिवशी खाडीतून दीडशे पिल्लं आणून वेगळ्या हाप्यात सोडली. ही बोटभर लांबीची, सणसणीत. झाली स्पर्धा सुरू.

गोळी टाकायची एक रीत असते, ती मी तिथे तीन-चार विकांत बसून पाहिली. रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, चिमूटभर. मूठभर टाकून उपयोग नाही, कारण गोळी पाण्यात खाली जात असते तेवढ्यापुरतीच ती जिताड्याच्या लेखी जिवंत असते. तळाला टेकली की मेली, मग तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एक धीट पिल्लू झडप घालतं, दोन-तीन वेळा थुंकतं, मग गिळतं. त्याचं बघून शेजारचं येतं. दादा एकेका चिमटीला पाच-पाच मिनिटं थांबायचा. माझ्यात तो संयम नाही, मी तर बिल्ड चालू असताना तीनदा चहा पितो.

आणि जी शिकत नाहीत त्यांचं काय? ती बारीक राहतात, डोकं मोठं आणि अंग काडीसारखं. दरम्यान शिकलेली भराभर वाढतात आणि या मागे राहिलेल्यांना खातात. जिताडा आपल्या लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीचं भावंड गिळू शकतो. कधी अंदाज चुकतो, शेपटी तोंडाबाहेर राहते आणि दोघंही मरतात. म्हणून दर चार दिवसांनी सगळी पिल्लं काढून आकाराप्रमाणे वेगळी करायची. याला तिथेही 'ग्रेडिंग'च म्हणतात. आमच्या हापिसातला बेल कर्व्ह आठवून मी हसलो, पण दादाला हसू आलं नाही. चाळणीतून एका दिवसात साठ-सत्तर कमी भरली की तो रात्री जेवायचा नाही.

काकाच्या पिल्लांनी पहिला आठवडाभर गोळीला तोंडसुद्धा लावलं नाही. दादा म्हणाला, सोडून देऊ मोठ्या तळ्यात. पण काका इरेला पेटला. त्याने सुका जवळा कुटून भिजवला, त्यात गोळीचा चुरा मळला, आणि रोज जवळा थोडा थोडा कमी करत गेला. याला पुस्तकात आकर्षक द्रव्य वगैरे म्हणतात, काका 'वास' म्हणतो. तीन आठवड्यांनी दीडशेपैकी चाळीसेक पिल्लं कोरडी गोळी घ्यायला लागली. बाकीची गेली, बरीचशी एकमेकांच्या पोटात. मग दादानेही आपल्या मागे पडलेल्या हाप्याला तोच जवळा लावला आणि त्यातली निम्मी वाचली. त्या दिवसापासून खाद्याची बादली काकाच्याच हातात असते. कोंबडीचा विषय पुन्हा निघालेला नाही.

सहा आठवड्यांनी हापे सोडले तेव्हा दोन हजारांतले अकराशे चाळीस मोजले. कागदावर हा आकडा वाईट दिसतो. दादाने मात्र बाराशेच धरले होते, त्यामुळे घरात गोडाधोडाचं झालं. आता मोठ्या तळ्यात संध्याकाळी बादलीचा आवाज झाला की पाण्याला उकळी फुटल्यासारखं होतं. चवीचा प्रश्न उरलाच आहे. गोळीवरच्या जिताड्याला तळ्याच्या जिताड्याची सर येणार नाही असं आमची आजी आत्ताच सांगून मोकळी झालीये, न खाताच.

मासे किलोचे व्हायला अजून काही महिने आहेत, आणि खाद्याचं बिल दर पंधरवड्याला येतं. जमिनीचं गिऱ्हाईक मागच्या महिन्यात परत येऊन गेलं. काकाने त्याला चहा पाजला, तळ्याच्या बांधावरून एक चक्कर मारून आणली आणि मासे निघेपर्यंत या विषयावर बोलायचं नाही म्हणून सांगितलं.